भोपळा लावलेली दारं

2024 साली नरक चतुर्दशी 31 ऑक्टोबरला आली. ज्या दिवशी पहाटे उटणं लावून न्हायचं, डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडायचं आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा, त्याच दिवशी संध्याकाळी अमेरिकेत आणि आयर्लंडमध्ये मुलं चेटकिणी आणि सांगाडे होऊन शेजाऱ्यांची दारं वाजवतात. आम्ही बदलापूर पूर्वेला, कात्रपच्या बाजूला राहतो. आमच्या इमारतीतल्या मुलांनी त्या दिवशी दोन्ही केलं. पहाटे नरकासुर मारला आणि दिवेलागणीला स्वतःच भुतं झाली. दुपारी चारच्या सुमारास अमावास्या लागली होती, त्यामुळे रात्रही बिनचंद्राची होती.

मागणी माझ्या थोरलीची. ती तेव्हा सात वर्षांची होती. वर्गातली कुणी मैत्रीण मॉलमध्ये हॅलोविन पाहून आली होती, आणि यूट्यूबवर तर ते बारा महिने चालूच असतं. पण तिला ती उंच काळ्या टोपीची इंग्रजी चेटकीण नको होती. तिला चिंची चेटकीण व्हायचं होतं, रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली. हे नाटक 2018 मध्ये नव्याने रंगमंचावर आलं, वैभव मांगले चेटकीण झाले आणि पुष्कळ मराठी मुलांच्या मनात चेटकिणीचा चेहरा पक्का ठरून गेला. त्याआधीच्या पिढीसाठी तो चेहरा दिलीप प्रभावळकरांचा होता. म्हणजे घाबरवणारं माणूस आमच्या घरात आधीच येऊन राहिलेलं होतं. त्याला बाहेरून बोलवायची गरज नव्हती. धाकटा चार वर्षांचा. त्याला हाडं हवी होती. दिवाळीच्या गर्दीत उल्हासनगरला जाऊन, गजानन मार्केटच्या गल्ल्यांतून मी त्याच्यासाठी काळा टी-शर्ट आणि काळी विजार आणली. नवऱ्याने रात्री बसून त्यावर पांढऱ्या कापडी रंगाने हाडं काढली. बरगड्या मोजून काढल्या, दोन्हीकडे बारा-बारा. मुलांसाठी करायचं तर नीट करायचं, असं त्याचं म्हणणं असतं.

सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विरोध झाला. पहिल्या मजल्यावरचे काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, शिस्तीचे आणि सरळ बोलणारे. त्यांनी विचारलं, आपल्याला सण कमी पडले का? लक्ष्मी घरी यायच्या वेळेला दारात भुतं कशाला?

त्यांचा पहिला प्रश्न मला रास्त वाटला आणि आजही वाटतो. प्लॅस्टिकचे मुखवटे, प्लॅस्टिकचे कोळी, एका रात्रीत कचऱ्यात जाणारा माल. हे सगळं विकणाऱ्याच्या फायद्याचं आहे आणि त्याला सण म्हणणं कठीण आहे. म्हणून आम्ही ठरवलं की तयार सोंग विकत आणायचं नाही, साध्या कपड्यांतून घरीच करायचं. दुसऱ्या प्रश्नाशी मात्र मी सहमत नव्हते. दिवाळीत मृत्यू आणि राक्षस पहिल्यापासून आहेत. धनत्रयोदशीला दक्षिणेकडे वात करून यमासाठी दिवा लावतो. चतुर्दशीला यमतर्पण सांगितलं आहे. महालयात घरी येऊन गेलेल्या पितरांना परतीची वाट दिसावी म्हणून याच दिवसांत संध्याकाळी पेटती चूड हातात धरायची, असं आपल्या धर्मग्रंथांत आहे. त्याला उल्कादान म्हणत. गोव्यात तर नरक चतुर्दशीच्या आदल्या रात्री गावोगाव नरकासुराचे अक्राळविक्राळ पुतळे फिरवतात आणि पहाटे जाळतात. तिथली मुलं त्या राक्षसाच्या आजूबाजूला रात्रभर जागतात आणि कुणाचं लक्ष्मीपूजन त्याने बिघडत नाही.

आयर्लंडमध्येही हॅलोविनचं मूळ हेच होतं. सुगी संपायची, थंडी आणि अंधार सुरू व्हायचा, त्या सांध्यावर मेलेली माणसं जवळ येतात अशी समजूत होती. पुढे चर्चने 1 नोव्हेंबर हा सर्व संतांचा दिवस केला आणि 2 नोव्हेंबर मृतांचा. आपल्याकडे वसईतही त्या दिवशी कबरींवर मेणबत्त्या लागतात. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. 1845 नंतरच्या दुष्काळात लाखो माणसं अमेरिकेला गेली. तिथे सलगमापेक्षा मोठा आणि कोरायला सोपा भोपळा त्यांना मिळाला. उपाशी माणसांनी बरोबर नेलेला तो सण आहे. त्याच्यावर बाजार चढला तो नंतर.

ही चर्चा ग्रुपवर दोन दिवस चालली. पण खरी अडचण वेगळीच होती आणि ती कुणी लिहीत नव्हतं. ती बायका लिफ्टपाशी हळू आवाजात बोलत होत्या.

दारोदार. लहान मुलांना दारोदार पाठवायचं, आणि तेही बदलापुरात, त्या वर्षी.

ऑगस्ट 2024 मध्ये इथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं आणि 20 तारखेला लोक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले. सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकल बंद होत्या. मी कामावर होते. गाडी अंबरनाथपर्यंत येत होती, पुढे रिक्षा मिळेल तशी. त्या रिक्षात माझ्याबरोबर आणखी तीन बाया होत्या, कुणी कुणाच्या ओळखीची नव्हती आणि सगळ्या आपापल्या घरी फोन करून एकच गोष्ट विचारत होत्या, मूल कुठे आहे. आमच्या शहराचं नाव त्यानंतर कित्येक आठवडे देशभरच्या बातम्यांत त्या एका कारणासाठी येत राहिलं. मुंबईहून 68 किलोमीटरवर घर घेणाऱ्या माणसांचा एक हिशेब असतो. आपण दिवसाचे तीन-चार तास गाडीत काढू, पण मुलं मोकळ्या हवेत, डोंगर दिसेल अशा ठिकाणी वाढतील. ऑगस्टमध्ये तो हिशेबच डळमळला. मुलांचं जिन्यात खेळणं बंद झालं. शेजारच्या घरी जाणं बंद झालं. ज्यांच्याकडे माझी मुलं शाळेतून आल्यावर पोहे खाऊन यायची, त्यांच्याकडेही आम्ही त्यांना पाठवेनासे झालो, आणि त्यांनीही कधी का म्हणून विचारलं नाही. दोन महिने इमारतीत मुलांचा आवाज फक्त बंद दारांमागून येत होता.

मला वाटतं, त्या काळात आमची मुलं दोन वेगळ्या गोष्टी एकच समजू लागली होती. ज्याच्यापासून सांभाळून राहायचं तो धोका एक आणि जिच्यात धीर वाढतो ती भीती दुसरी. पहिल्या गोष्टीबद्दल आम्ही त्यांना सगळं सांगितलं होतं. अंगाला कुणी हात लावला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, ओरडायचं कसं. हे सांगायलाच हवं होतं. पण त्यानंतर प्रत्येक अनोळखी माणूस, प्रत्येक काळोखा कोपरा, प्रत्येक वाजलेली बेल त्या एकाच खात्यात जमा होत गेली. धाकटा बेल वाजली की माझ्या मागे येऊन उभा राहायला लागला.

म्हणून मी होकार दिला. आणि म्हणूनच नियम कडक ठेवले. प्रत्येक मजल्यावर एक आई आणि एक बाबा उभे राहतील. कुणीही मूल कुणाच्याही घराच्या आत जाणार नाही, सगळं उंबऱ्याच्या बाहेर. आणि ज्यांना मुलं यावीत असं वाटतं त्यांनी दारावर कागदी भोपळा चिकटवायचा. एरवी उजेड असलेलं दार ही खूण पुरली असती, पण दिवाळीत पणती तर सगळ्यांच्याच दाराशी असते. भोपळे मुलांनीच कापले, शेंदरी घोटीव कागदाचे. ज्याला नको त्याने लावू नये, त्याबद्दल कुणी काही बोलणार नाही, असंही ठरलं.

खरा भोपळाही आणला. आमच्याकडे अख्खा भोपळा बाई कापत नाही, पहिली सुरी पुरुषाने घालायची, असं सासूबाई पाळतात. तेव्हा धाकट्याच्या हातावर हात ठेवून नवऱ्याने पहिला काप घेतला. सासूबाई वेंगुर्ल्याकडच्या. त्यांनी आतला सगळा गर काढून घेतला आणि दुपारभर घारगे तळले. डोळे-नाक-तोंड कोरून भोपळ्यात पणती ठेवली, तेव्हा थोरलीने एक गोष्ट काढली जी माझ्या ध्यानात आली नव्हती. ती म्हणाली, लेकीकडे जाणाऱ्या म्हातारीने याच्यातच बसून वाघाला फसवलं ना? मराठी घरातल्या पोराला भोपळ्यातून जंगल पार करणारी म्हातारी अडीच-तीन वर्षांचं असताना भेटते. वाघ आणि कोल्हा वाटेत उभे आहेत, म्हातारी एकटी आहे, आणि तरी गोष्ट ऐकताना मूल हसतं. कारण ते कुणाच्या तरी मांडीवर बसलेलं असतं.

संध्याकाळी सातला खाली किल्ल्यापाशी सगळे जमले. मुलांनी आठवडाभर खपून राजगड केला होता, मोहरी आणि अळीव पेरून त्याच्यावर हिरवळ उगवली होती. महाराज सिंहासनावर, बुरुजांवर मावळे, आणि भोवती चिंची चेटकीण, सांगाडा, चादर पांघरलेली तीन भुतं, एक मुंजा आणि लाल कागदाचे दात लावलेला एक नरकासुर. मुंजा झालेला मुलगा सहावीतला, त्याने स्वतःच्या मुंजीतलं सोवळं नेसलं होतं. मुलांना या दोन गोष्टी एकत्र येण्यात काहीही विचित्र वाटलं नाही. भुतांनी आधी महाराजांना मुजरा केला आणि मग ती वर निघाली.

पहिलं दार उघडलं ते उल्हासनगरहून आलेल्या सिंधी आंटींचं. त्यांनी पुरीच्या आकाराच्या मोठ्या करंज्या हातात दिल्या आणि त्यांचं लहानपण सांगायला सुरुवात केली. 13 जानेवारीला, लाल लोईच्या दिवशी, कॅम्पातली मुलं घरोघर फिरून लाकडं मागायची आणि रात्री त्यांची होळी पेटवायची. त्यांचे आईवडील फाळणीनंतर सिंधमधून आले होते. लष्कराच्या रिकाम्या छावणीत, कल्याण कॅम्पच्या बराकींत, एका बराकीत कितीतरी कुटुंबं गोणपाटाचे पडदे लावून राहत. 1949 च्या ऑगस्टमध्ये त्या छावणीला उल्हासनगर नाव मिळालं. दार असं कुणाला नव्हतंच, आंटी म्हणाल्या, पडदा हलवायचा आणि हाक मारायची. मुलांना अर्थात करंजीतच जास्त रस होता, पण मी तिथे जरा रेंगाळले. आपल्याकडेही हे होतंच की. गुराख्यांची पोरं दिवाळीत गवताची दिवटी विणून, तीत दिवा ठेवून घरोघर गाई-म्हशींना ओवाळत फिरत आणि घरची बाई दिव्यात तेल घालून त्यांच्या पदरात काही टाकत असे. शिमग्यात पोस्त मागायला पोरं दारात येत. भोंडल्याला खिरापत ओळखायला पोरी या घरातून त्या घरात जात. गावातलं प्रत्येक दार वर्षातून निदान एकदा मुलांच्या हाताने वाजायचं, आणि त्यामुळे कुठल्या घरात कोण राहतं, तो माणूस कसा आहे, हे मुलांना आणि मुलांच्या आयांना ठाऊक असायचं.

तिसऱ्या मजल्यावर वीज गेली. आमच्याकडे हे नवं नाही, पण मुलं तेव्हा नेमकी जिन्याच्या मधल्या वळणावर होती. कुणीतरी किंकाळी फोडली, आधी गंमत म्हणून, मग खरीच. माझा धाकटा ज्याच्या शेजारी उभा होता त्या मोठ्या मुलाच्या तोंडावर कागदाचा मुखवटा होता, आणि दाराशी लावलेल्या पणतीच्या उजेडात तो खालून उजळून निघाला होता. धाकटा रडायला लागला, आवाज न करता, फक्त ओठ थरथरत होते. मी दोन पायऱ्या उतरेपर्यंत त्या मुलाने मुखवटा काढला आणि वाकून स्वतःचा चेहरा दाखवला. ‘अरे मी आहे, दादा.’ धाकट्याने त्याच्या गालाला हात लावून पाहिलं. मग मुखवट्याला. मग म्हणाला, ‘परत घाल.’ त्याने घातला. ‘आता काढ.’ काढला. ‘आता मी सांगेन तेव्हाच घाल.’ हे किती वेळ चाललं कोण जाणे. त्या मुलाने एकदाही कंटाळा केला नाही. शेवटी धाकट्याने मुखवटा स्वतःच्या तोंडावर धरला आणि मला भ्यायला सांगितलं.

जिन्यातल्या त्या काळोखात मला अंबरनाथचं शिवमंदिर आठवलं. धाकट्याला मी त्याआधी तिथे घेऊन गेले होते. शिलाहारांच्या काळातलं, शके 982 म्हणजे 1060 सालचं ते देऊळ. सभामंडप ओलांडला की गाभाऱ्यासाठी पायऱ्या उतरून जमिनीखाली जावं लागतं. उजेडातून आलेल्या डोळ्यांना आधी काही दिसत नाही. पाय चाचपडत, बापाच्या बोटाला धरून, एक-एक पायरी. खाली ज्याची पिंड आहे तो भुतांचाच नाथ. जवळजवळ हजार वर्षं आमच्या या पंचक्रोशीतली लहान मुलं अशीच कुणाचं तरी बोट धरून त्या काळोखात उतरत आली आहेत.

वीज येईना, तेव्हा सासूबाई दार उघडून बाहेर आल्या आणि घारग्यांचा डबा घेऊन जिन्यातच बसल्या. मुलं त्यांच्याभोवती. भुतांची गोष्ट सांगा, असा धोशा सुरू झाला. त्यांनी मुंजा सांगितला, मुंज झाल्यावर लग्नाआधीच गेलेला पोर, पिंपळावर राहणारा. मुंजा झालेल्या मुलाला स्वतःबद्दल हे काही ठाऊक नव्हतं, तो एकदम गप्प झाला. थोरलीने विचारलं, त्याच्या आईला तो दिसतो का? सासूबाई म्हणाल्या, तिला दिसत असेल.

मग त्यांनी आरवलीचा वेतोबा सांगितला. शिरोड्याजवळचं हे गाव जयवंत दळवींमुळे वाचकांना माहीत आहे. वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. रात्री तो गावाच्या शिवेवरून फिरतो. त्याला लोक केळ्यांचे घड देतात आणि चामड्याच्या मोठाल्या वहाणा वाहतात. चालून चालून त्या वहाणा झिजतात, अशी तिथल्या माणसांची श्रद्धा. ‘भूत नाय गो तो,’ सासूबाई म्हणाल्या, ‘राखणदार आसा.’ मुलांना वहाणांचं माप हवं होतं. त्यांनी दोन्ही हात पसरून दाखवलं. केळी सालासकट खातो का, पाय दुखत नाहीत का, पावसात कसा फिरतो, असे प्रश्न आले आणि प्रत्येकाला उत्तर मिळालं.

मग थोरलीने विचारलं, ‘तो बदलापूरला येतो?’

‘नाय गो. तेची शीम आरवलीची.’

‘मग इथे रात्री कोण फिरतं?’

त्याचं उत्तर सासूबाईंनी दिलं नाही. मोठी माणसंही गप्प होती. ऑगस्टपासून आम्ही सगळे तोच प्रश्न विचारत होतो, पोलिसांना, शाळांना, एकमेकांना, आणि सात वर्षांच्या मुलीने तो जिन्यात बसून विचारला होता.

वीज आल्यावर उरलेले मजले झाले. चकल्या मोडल्या, शंकरपाळे जिन्यात सांडले, एका घरी फराळाबरोबर उसाचे करवे मिळाले. उत्तर भारतीय शेजाऱ्यांकडे त्याच संध्याकाळी लक्ष्मीपूजन होतं. त्यांनी भुतांना दाराबाहेर ओळीने उभं करून सगळ्यांच्या कपाळाला टिळा लावला. साडेनऊला मुलांना घेऊन खाली आले तेव्हा पहिल्या मजल्यावरच्या काकांच्या दारावर भोपळा नव्हता. ठरल्याप्रमाणे कुणी बेल वाजवली नाही. काका घरातही नव्हते. ते फाटकापाशी खुर्ची टाकून, हातात टॉर्च घेऊन बसले होते. वॉचमन सांगत होता, सात वाजल्यापासून बसलेत, आत येणाऱ्या प्रत्येकाला कुणाकडे जायचंय ते विचारतायत. नऊच्या लोकलने घरी परतलेल्या चौथ्या मजल्यावरच्या नव्या भाडेकरूलाही त्यांनी नाव-गाव विचारून मगच सोडलं होतं. सासूबाईंनी मला हाताने खूण केली आणि मी काकांना घारगे नेऊन दिले. हा सण आपला नव्हे, असं त्यांनी घारगा खाता खाता मला पुन्हा सांगितलं. ते त्यांचं मत आजही बदललेलं नाही.

2025 मध्ये 31 ऑक्टोबर भाऊबीजेनंतर आठ दिवसांनी आला. किल्ला तोवर सुकला होता आणि फराळाचे डबे तळाला गेले होते, तरी मुलांनी कागद आणून भोपळे कापले. चौथ्या मजल्यावरच्या त्या भाडेकरूनेही एक मागून घेतला. नियम तेच ठेवले, आणि काका फाटकाशी बसले.

तुम्ही अंबरनाथ-बदलापुरात किंवा आणखी कुठे अशाच उंच इमारतीत राहत असाल, तर याला हॅलोविन म्हणा, चतुर्दशी म्हणा, काही म्हणू नका. पण वर्षातली एक संध्याकाळ ठरवा, प्रत्येक मजल्यावर एक आई आणि एक बाप उभे करा, आणि मुलांना शेजारची दारं वाजवू द्या. ती तुमच्या दाराशी आली तर मुखवट्यामागचं नाव विचारून घ्या आणि लक्षात ठेवा.